तीन नंबरचं पॅड

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तांबोळी, तुमच्या धंद्याविषयी लिहा. वाचकांना गंमत वाटेल." मी म्हटलं, "बाई, गंमत सगळी गिऱ्हाईकांच्या वाट्याला गेली. माझ्या वाट्याला झिजलेली रबरं आली." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तेच लिहा." पुण्यात माणूस हसला म्हणजे त्याला आपलं म्हणणं आवडलं असं धरून चालायचं नसतं. मी धरलं, म्हणून हा लेख.

बिबवेवाडीत माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पुढच्या भागात सहा टीव्ही, सहा यंत्रं आणि बारा स्टुलं. मागे पडद्याआड माझं दुरुस्तीचं टेबल. गल्लीत दुकानाला कुणी 'तांबोळी व्हिडिओ गेम्स' म्हणत नसे. मुलं 'युसूफचाचांकडे' म्हणायची आणि त्यांच्या आया 'त्या तसल्या ठिकाणी' म्हणायच्या. वरच्या मजल्यावर टायपिंगचा क्लास होता. त्यामुळे खाली गोळीबार आणि वर खडखडाट, असं आमचं दिवसभर चालायचं. दोन्ही आवाजांची इतकी सवय झाली होती की रविवारी क्लास बंद असला की मला कानात दडे बसल्यासारखं वाटायचं.

ज्यांनी हा प्रकार कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यंत्राला वायरीनं जोडलेला, साबणाच्या वडीसारखा एक डबा असतो. त्याला आम्ही पॅड म्हणायचो. डाव्या अंगठ्याखाली फुलीच्या आकाराचं बटण, पडद्यावरच्या माणसाला इकडेतिकडे न्यायला. उजव्या अंगठ्याखाली शेजारी शेजारी दोन गोल बटणं, त्यातलं डावीकडचं पळायचं आणि उजवीकडचं उडीचं. बटणांखाली रबराचा पापुद्रा आणि त्याखाली हिरवी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा. बटण दाबलं की रबर पट्टीला टेकतं, रेघेतून निरोप जातो आणि पडद्यावरचा माणूस उडी मारतो. आत एवढंच असतं. पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हा मलाही फसवल्यासारखं वाटलं होतं.

पण कुठलं बटण कुठे आहे, यावर सगळा खेळ उभा असतो. आमच्याकडे सगळ्यात चालणारा खेळ म्हणजे एक छोटा शिपाई. तो धावतो, खड्डे ओलांडतो, शेवटी किल्ल्यावर जातो. खड्डा रुंद असला तर पळण्याचं बटण दाबून ठेवायचं आणि त्याच वेळी उडीचंही दाबायचं. आता अंगठा एक आणि बटणं दोन. मग मुलं काय करत? अंगठ्याचं टोक डावीकडच्या बटणावर रोवून ठेवत आणि अंगठा आडवा करून पेराच्या सांध्यानं उजवीकडचं दाबत. सांधा काही नाजूक नसतो. त्यामुळे आमच्या दुकानातल्या सगळ्या शिपायांच्या उड्या लांब आणि धसमुसळ्या असायच्या. आखूड, बेताची उडी कुणालाच जमत नसे. मुलांना वाटायचं, हा खेळच असा आहे. खेळ तसा नव्हता. बटणं तशी होती. कुठल्या तरी लांबच्या देशात एका माणसानं ती तिथे ठेवली आणि बिबवेवाडीतल्या पोरांचे अंगठे त्याप्रमाणे वाकले.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं एका निवृत्त मामलेदारांनी. नातवासाठी यंत्र घेतलं म्हणायचे, पण खेळायचे स्वतःच. ते डावरे होते. एक दिवस पॅड माझ्यापुढे टाकून म्हणाले, "अहो तांबोळी, सगळं जग उजव्या लोकांनी आपल्या सोयीनं करून ठेवलंय. कात्र्या, नळ, कचेरीतल्या खुर्च्या. निदान हा डबा तरी माझ्या सोयीनं करून द्या." मी दोन जुनी पॅडं फोडली, फुली उजवीकडे नेली, बटणं डावीकडे आणली. तीन दिवस खपलो. ते खुश होऊन घेऊन गेले आणि पाचव्या दिवशी परत आले. म्हणाले, "नको. मला गैरसोयीची सवय झालीय. सोय सहन होत नाही." ते पॅड नंतर कितीतरी वर्षं माझ्याकडे धूळ खात पडलं होतं.

आणखी एक गिऱ्हाईक मांजरी गावचे ज्ञानोबा. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. सायकलच्या कॅरियरला पॅड बांधून आले. "आवो, ह्यो गडी थांबतच न्हाई. नुस्ता उड्या मारतोय. याड लागलंय त्याला." मी विचारलं, काही सांडलं का? "छ्या, काय न्हाई. वाईच काकवी हाय आत." उघडलं तर उडीचं बटण काकवीनं असं घट्ट बसलेलं की शिपायाला विश्रांती म्हणून नाही. खेळतं कोण, असं विचारलं तर म्हणाले, "पोरीचं हाय." पण साफ करून दिलं तेव्हा बघून घ्यायला म्हणून स्वतः जे बसले, ते तीन किल्ले घेऊनच उठले. चारेक दिवसांनी गुळाची अर्धी ढेप आणून दिली. त्यांचा मला आजही आदर वाटतो, कारण बिघाड कशानं झाला हे खरं सांगणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं. मी स्वतः तसा निघालो नाही, ते आता सांगायचं आहे.

माझे अब्बा रविवार पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचा एक नियम होता. दुरुस्ती झाली की दहा मिनिटं गिऱ्हाईकासारखं बसायचं. कारागिरासारखं नाही. म्हणजे रेडिओ लागला की लगेच बंद करायचा नाही, एखादं गाणं पुरतं ऐकायचं, मगच झाकण बसवायचं. "कारागीर आवाज येतो का ते बघतो," ते म्हणायचे, "गिऱ्हाईक गाणं ऐकतं." मी हा नियम कायम पाळला. एकदा पाळला नाही.

तो शुक्रवार होता. आदल्या दिवशी तीन नंबरचं पॅड एका मुलानं हरल्याच्या रागात आपटलं होतं. आतली पट्टी तडकून दोन्ही गोल बटणांच्या रेघा तुटल्या होत्या. मी त्यांच्या जागी केसासारख्या बारीक दोन वायरी सोल्डर केल्या. नमाजची वेळ होत आली होती. घाईघाईनं दोन्ही बटणं दाबून पाहिली. पडद्यावर शिपाई हलला, उडालाही. आवाज येत होता. झाकण बसवलं, शटर अर्धं ओढलं आणि मशिदीकडे पळालो.

दोन्ही वायरी मी उलट जोडल्या होत्या. पळण्याच्या बटणाला उडी, उडीच्या बटणाला पळणं.

त्या संध्याकाळपासून मुलं तीन नंबरवर बसेनात. पहिल्याच खड्ड्यात पडायची आणि म्हणायची, "चाचा, तीनला भूत आहे." मी म्हणायचो, "भूत तुझ्या हातात आहे." तीन नंबर दाराजवळ, माझ्या गल्ल्याला लागून होता. तो तीन-चार दिवस रिकामाच राहिला आणि तेवढ्यात वैशाली आली.

वैशाली लिमये तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. वर टायपिंग शिकायची. चार ते पाच इंग्रजी, सहा ते सात मराठी. मधला एक तास जिन्यात उभी राहून काढायची. एक दिवस दारातून म्हणाली, "काका, मुली खेळल्या तर चालतं का?" माझ्या दुकानात तोवर मुलगी आली नव्हती. आतली सगळी पोरं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "यंत्राला कळत नाही, कोण खेळतंय. बस." रिकामा होता तीन नंबर. तिथेच ती बसली. माझ्याजवळ, दाराजवळ. तिलाही तेच बरं वाटलं असावं.

तिनं पॅड हातात धरलं नाही. मांडीवर ठेवलं आणि वरून बोटं टेकवली, टाइपरायटरवर टेकवावीत तशी. उजव्या हाताची तर्जनी डावीकडच्या बटणावर, मधलं बोट उजवीकडच्या. पोरं खुसखुसली. मीही मनात हसलो. पण आठ दिवसांत हसणं बंद झालं. तीन नंबरच्या उलट्या बटणांमुळे उडी तिच्या तर्जनीखाली आली होती, आणि टायपिस्टच्या तर्जनीत काय ताकद असते ते दिवसभर खडखडाट ऐकणाऱ्या मला कुणी सांगायला नको. मधलं बोट पळण्यावर नुसतं ठेवलेलं. तिचा शिपाई लांब उड्या मारायचाच नाही. टुकटुक, टुकटुक, आखूड आखूड उड्या मारत जायचा, फळीच्या अगदी कडेवर उतरायचा आणि लगेच पुढची उडी. खेळ तोच, कॅसेट तीच. पण पोरं आपापली यंत्रं सोडून तिच्यामागे उभी राहायला लागली, कारण असा खेळ त्यांनी पाहिलाच नव्हता.

कुतूहल म्हणून एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी तीन नंबरवर दहा मिनिटं गिऱ्हाईकासारखा बसलो. पहिल्या खड्ड्यात पडलो. दुसऱ्यांदा पडलो. तिसऱ्यांदा माझी चूक माझ्या लक्षात आली आणि कानशिलं तापली. लगेच उघडून नीट करायला हवं होतं. पण ते नीट केलं असतं तर तिचा खेळ बिघडला असता. आणि तिला खरं सांगितलं असतं तर ते तिच्यामागे उभ्या असलेल्या दहा पोरांनीही ऐकलं असतं. दुकानाच्या पाटीवर मी स्वतःच्या हातानं 'खात्रीची दुरुस्ती' असं रंगवलं होतं. मी गप्प बसलो. एवढंसं तर आहे, असं वाटलं.

एकदा मी तिला विचारलं, "रोज येतेस, कंटाळा येत नाही?" म्हणाली, "काका, इंग्रजीच्या टाइपरायटरवर जिथे एक अक्षर असतं, तिथे मराठीच्या टाइपरायटरवर दुसरंच असतं. चारला एक शिकायचं, सहाला ते विसरायचं. घरी गेले की आई सांगते ते, बाबा सांगतात ते. दिवसभरात हा एकच तास असा आहे की मला कुणी काही सांगत नाही." तेव्हापासून मी तिच्याशी पाच ते सहा बोलणं बंद केलं.

व्हायचं तेच झालं. कुणीतरी घरी सांगितलं. एका दुपारी तिचे वडील आले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, पायात कोल्हापुरी, हातात छत्री. आत नजर फिरवून म्हणाले, "आपण इथे नेमकं काय शिकवता?"

मी म्हटलं, "काही शिकवत नाही साहेब. मुलं खेळतात."

"म्हणजे पैसे घेऊन काहीही न शिकवण्याची सोय आहे. छान. आमच्या कचेरीतही आहे, पण तिथे आम्हाला पैसे देतात."

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते वैशालीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. गणपती जवळ आले होते. आमच्या मंडळानं त्या वर्षी संगीत खुर्चीऐवजी व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली होती. यंत्रं माझी, म्हणून स्टेजमागे माझा कापडी फलकही लागणार होता. प्राथमिक फेऱ्या माझ्या दुकानात, ज्याला जे यंत्र हवं ते घ्या. अंतिम सामना रविवारी दुपारी मांडवात. वैशालीनं वडिलांना सांगितलं होतं, "अंतिम सामन्यापर्यंत गेले तर तुम्ही बघायला या. जिंकले तर या तासाबद्दल तुम्ही मला कधी बोलायचं नाही. हरले तर मी त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही." आणि लिमये 'बरं' म्हणाले होते. हे सांगताना तिच्या डोळ्यांत जी चमक होती ती पाहून मला तिचा अभिमान वाटला. अगदी आपल्या पोरीचा वाटावा तसा. मला मुलगी नाही.

प्राथमिक फेऱ्यांत ती तीन नंबरवर बसली आणि एकोणीस मुलांना मागे टाकून अंतिम सामन्यात गेली. समोर सहकारनगरचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता.

रविवारी मांडव भरला होता. लिमये पहिल्या रांगेत, छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरून. मंडळाच्या मुलांनी मला आधीच बजावलं होतं की दोघांनाही कोरी पॅडं पाहिजेत, कुणी नंतर तक्रार करायला नको. मी दोन कोरी पॅडं लावली. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना वैशाली स्टेजच्या कडेला आली आणि हळूच म्हणाली, "काका, तीन नंबरचं पॅड आणलंय का हो? मला तेच द्या ना. माझ्या हाताला ते बसलंय."

ते पॅड माझ्या पिशवीत होतं. मी ते सोबत का घेतलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. नुसता हात पिशवीत घालायचा होता. पण कोरं सोडून दुसरं पॅड द्यायचं तर ते आधी समोरच्या मुलानं तपासायला मागितलं असतं. इंजिनिअरिंगचा होता, अर्ध्या मिनिटात ओरडला असता, "अहो, याची बटणं उलटी आहेत!" आणि वर माझा फलक. खात्रीची दुरुस्ती. दीडशे माणसं.

मी म्हटलं, "अगं, सगळी पॅडं सारखीच असतात. हे तर नवंकोरं आहे. उलट जास्त छान चालेल."

तिनं मान डोलावली. काका सांगतायत म्हणजे तसंच असणार, असा तो चेहरा होता.

पहिल्याच खड्ड्यात शिपाई पडला. उडी मारायला गेली आणि तो पळत सुटून सरळ आत गेला. लोक हसले. एका डावात तीन जीव मिळतात. दुसरा जीव, तोच खड्डा. आता मांडवात शिट्ट्या. तिसऱ्या वेळी ती पडद्याकडे बघतच नव्हती, आपल्या बोटांकडे बघत होती. बोटं ओळखीची होती आणि तिचं ऐकत नव्हती. तिनं सावकाश दोन खड्डे ओलांडले, तिसऱ्यात गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "टायपिंग कर, टायपिंग." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वायरींची गुंतवळ सोडवण्यात गर्क असल्याचं दाखवलं.

लिमये तिला टोचून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, छत्री काखेत घेतली आणि फक्त "चल, उन्हं वाढलीत" म्हणाले. ते माझ्या धंद्यात मी ऐकलेलं सगळ्यात वाईट वाक्य होतं, आणि त्यात वाईट असं काहीही नव्हतं.

वैशाली पुन्हा आली नाही. चार ते पाच आणि सहा ते सात वरचा खडखडाट चालूच होता. त्यातला तिचा कुठला, हे मी कान देऊन ओळखायचा प्रयत्न करायचो. मधला तास मात्र मला शांत वाटायचा. सोमवारी सकाळी मी तीन नंबरचं पॅड उघडलं आणि वायरी बरोबर जोडल्या. तोंड धुतल्यासारखं वाटेल अशी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. उलट, मुलं जेव्हा तीनवर बसून लांब उड्या मारायला लागली आणि "भूत गेलं, चाचा!" म्हणाली, तेव्हा पडद्याआड जाऊन बसलो.

पुढची वर्षं भराभर गेली. दोन बटणांची चार झाली, चारांची दहा. मग एका पॅडवर जिथे 'हो' तिथे दुसऱ्या बनावटीच्या पॅडवर 'नाही' असा घोळ सुरू झाला आणि बँकेतले एक साहेब नव्या पॅडवर सवयीनं भलतंच दाबून महिन्याभराचा खेळ पुसून बसले. "माझा महिना परत द्या," म्हणून माझ्याशीच भांडले. मी म्हटलं, "साहेब, बटण तुमच्या बोटानं दाबलं." पण मनात आलं, बोटाचा काय दोष, त्याला जे शिकवलं ते त्यानं केलं. मग मुलांच्या हातात मोबाइल आले. त्याला तर बटणंच नाहीत. काचेवर बोट फिरवतात, बोटाला कुठे काही लागत नाही. मी दुकान बंद केलं, टेबल तेवढं घरी आणलं. अजून महिन्यातून चार-पाच पॅडं येतात, ओळखीतून.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी दुपारी दार वाजलं. पन्नाशीला आलेली बाई, गळ्यात खराडीच्या कुठल्याशा कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा. "इथे पॅड दुरुस्त होतं असं ऑफिसमधल्या मुलानं सांगितलं. माझ्या मुलाचं आहे." मी पॅड घेतलं, बटण बदललं, यंत्राला लावलं आणि म्हटलं, "बघून घ्या." ती खुर्चीत बसली, पॅड मांडीवर ठेवलं आणि वरून बोटं टेकवली.

चेहरा मी ओळखला नसता. बोटं लगेच ओळखली.

"वैशाली?"

ती दचकली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काका! अय्या, तुम्ही! पाटी नाही ना बाहेर, कसं कळणार?" मग हसत म्हणाली, "मुलगा मला चिडवतो, आई, असं कोण धरतं." चहा झाला. टायपिंगवरून कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवरून कंपनी, सगळं सांगून झालं. वडील चार वर्षांपूर्वी गेले. मग एकदम म्हणाली, "काका, तीन नंबर आहे का हो अजून?"

होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. जुनं यंत्र, जुना टीव्ही लावला. शिपाई आला. तिची बोटं आपोआप जागेवर गेली, शिपाई धावत निघाला आणि पहिल्याच खड्ड्यात गेला.

ती हसली. "अगदी त्या दिवसासारखं." आणि जरा थांबून म्हणाली, "तेव्हापासून मला कळलं काका, चार लोकांसमोर माझे हात चालत नाहीत. ऑफिसमध्ये दोनदा मोठ्या जागेवर जायची संधी आली. लोकांपुढे उभं राहून बोलायचं काम. दोन्ही वेळा नको म्हटलं. काहींना नाहीच जमत ते."

'होतं असं' म्हणून चहाचे कप उचलता आले असते. मला ते चांगलं जमतं. पण हात कपाकडे गेलाच नाही. मी तिला सगळं सांगितलं. शुक्रवार सांगितला, दोन वायरी सांगितल्या, पिशवीतलं पॅड सांगितलं. आणि सगळी पॅडं सारखीच असतात हे खोटं होतं, आणि मला माहीत होतं की खोटं आहे, हेही सांगितलं.

तिनं मांडीवरचं पॅड उचलून उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे मी वाईट खेळले नव्हते," म्हणाली. मला नाही, पॅडला म्हणाल्यासारखी.

"नाही. तुझ्यासारखं त्या दुकानात कुणीच खेळलं नाही."

"तेव्हा सांगायचं होतंत. निदान दुसऱ्या दिवशी. वरच तर होते मी, एक जिना चढून." तिचा आवाज चढला नाही, पण मला माझ्याच घरात कुठे बघावं ते कळेना. "बाबांना तरी सांगायचं होतंत. शेवटपर्यंत त्यांना वाटायचं, मला दीडशे लोकांपुढे बसू दिलं ही त्यांची चूक झाली."

माफ कर, असं मी म्हटलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं. मग तिनं विचारलं, "आता हे दुरुस्त केलंय ना तुम्ही?"

"हो. दुसऱ्याच दिवशी."

"मग होतं तसं करा."

मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. सत्तरीला हात आता पूर्वीसारखे स्थिर राहत नाहीत. ती उठून शेजारी आली आणि मोबाइलचा उजेड पट्टीवर धरला. पळण्याच्या जागी उडी, उडीच्या जागी पळणं. आयुष्यात एवढ्या काळजीनं मी कुठलीच दुरुस्ती केली नव्हती. झाकण बसवून पॅड तिच्या हातात दिलं.

तिनं ते मांडीवर ठेवलं. शिपाई निघाला. खड्ड्याच्या कडेला आला, आणि टुक, पलीकडे. टुकटुक, दुसरा. फळीच्या अगदी टोकावर. मी शेजारी दहा मिनिटं बसलो, गिऱ्हाईकासारखा, अब्बांनी सांगितलं होतं तसा. मग आणखी दहा. ती एकदाही बोटांकडे बघत नव्हती, आणि गालांवरून पाणी येत होतं तेही पुसत नव्हती. किल्ला आला तेव्हा कुठे तिनं मान वर केली.

निघताना ते पॅड तिनं पर्समध्ये घातलं. मला विचारलं नाही. दारात थांबली, पुन्हा बाहेर काढलं आणि म्हणाली, "यावर काहीतरी लिहून द्या. तुमचा किंवा दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

मी पांढरी पट्टी चिकटवली आणि वर माझ्या त्याच जुन्या, पाट्या रंगवायच्या अक्षरात लिहिलं: हे पॅड बरोबर आहे. कृपया दुरुस्त करू नये. खाली सही केली.